पाणीपुरीवर खापर फोडू नका, आजी

‘डॉक्टर, माझा नातू नऊ वर्षांचा. पालखी पुढे गेली आणि चार दिवसांनी त्याला ताप, उलट्या, पोटदुखी सुरू झाली. जुलाब दोन-तीनच, रक्त नव्हतं. चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसले म्हणून कावीळ समजून गावचं औषध दिलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट ३८ हजार, मग डेंग्यू म्हणाले. पपईच्या पानांचा रस पाजला. तोंडावर सूज आली, लघवी अगदी थोडी आणि काळपट लाल. रात्री झटका आला तेव्हा पुण्याला नेलं. तिथे हीमोलिटिक युरेमिक सिंड्रोम सांगितलं. चार वेळा डायलिसिस झालं. रक्तात फॅक्टर एचविरुद्धच्या अँटिबॉडी खूप निघाल्या, म्हणून रोज प्लाझ्मा बदलतायत, सहा वेळा झालं. आता स्टिरॉइड आणि कॅन्सरचं औषध द्यायचं म्हणतात. अमेरिकेतली पुतणी म्हणते, हा हॅम्बर्गरमधून होणारा आजार, आपोआप बरा होतो, एवढं कशाला करताय? आणि करायचंच तर तिकडे एक इंजेक्शन आहे, ते मागवा. पालखीच्या गर्दीत मीच त्याला पाणीपुरी खाऊ घातली होती. सून माझ्याशी बोलत नाही. धाकटी नात सहा वर्षांची आहे, तिलाही होईल का? आणि गणपतीत पोराला गावी आणता येईल का? – एक आजी, सातारा जिल्हा’

आजी, तुमच्या प्रश्नांपैकी एकाला उशीर परवडणार नाही, म्हणून तो आधी घेते. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेली औषधं सुरू होऊ द्या. अमेरिकेचा सल्ला येईपर्यंत थांबू नका. मी तुमच्या नातवाला तपासलेलं नाही, त्यामुळे किती मात्रा, किती दिवस हे तिथले डॉक्टरच ठरवतील. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून त्यांची दिशा बरोबर आहे आणि अँटिबॉडीची तपासणी त्यांनी वेळेत केली याचं मला बरं वाटलं. आपल्याकडे पुष्कळदा तीच राहून जाते.

तुमची पुतणी चुकीचं सांगत नाहीये. ती दुसऱ्याच आजाराबद्दल बोलतेय, इतकंच. दोन्हींचं नाव एक असल्यामुळे हा सगळा घोळ होतो. झुरिकच्या कॉनराड गासर या डॉक्टरांनी १९५५ साली पाच मुलांचं वर्णन करताना हीमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, थोडक्यात एचयूएस, हे नाव वापरलं. लाल पेशी फुटणं, प्लेटलेट घसरणं आणि किडनीचं काम थांबणं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की एचयूएस म्हणायचं. ते कशामुळे झालं हे त्या नावात कुठेच येत नाही. बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, तिथे प्लेटलेट चिकटून गुठळ्या धरतात म्हणून त्यांची संख्या घटते, आणि त्या अडचणीतून जाणाऱ्या लाल पेशी फाटतात. फुटलेल्या पेशींमुळेच डोळे पिवळे होतात. लिव्हर ठीक असतं. किडनीत अशा बारीक वाहिन्यांची जाळीच जाळी असते, म्हणून पहिला तडाखा तिला बसतो. शेवटचं चित्र सगळ्यांत सारखं, पण अस्तराला इजा कोणी केली यावर उपचार ठरतात.

अमेरिका, युरोप, जपान, अर्जेंटिना इथल्या लहान मुलांत ही इजा बहुतेक वेळा ई. कोलाय जंतूच्या एका विशिष्ट जातीमुळे होते. हा जंतू गाईगुरांच्या आतड्यात सुखाने राहतो आणि शिगा नावाचं विष तयार करतो. १९९३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात जॅक इन द बॉक्स या साखळीतले अर्धेकच्चे हॅम्बर्गर खाऊन सातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं गेली. तेव्हापासून तिकडे ‘हॅम्बर्गरचा आजार’ हे नाव घरोघरी झालं. पण मांसच लागतं असं नाही. २०११ साली जर्मनीत जी साथ आली, तिचा माग काढत गेल्यावर सापडले ते मोड आलेले मेथीदाणे! इजिप्तहून आलेलं बियाणं, सॅलडमध्ये कच्चे खाल्लेले मोड. जवळपास चार हजार माणसं आजारी, आठशेहून जास्त जणांना एचयूएस, पन्नासहून जास्त मृत्यू. आणि त्याआधी काही दिवस सगळा आळ स्पेनच्या काकड्यांवर होता. तिथल्या शेतकऱ्यांना माल फेकून द्यावा लागला.

त्या प्रकारात आधी पोटात कळा येऊन रक्ताचे जुलाब होतात आणि ते सुरू झाल्यावर साधारण पाच ते दहा दिवसांनी लघवी कमी होते. त्यावर विष उतरवणारं औषध नाही. पाण्याचं आणि क्षारांचं गणित सांभाळायचं, रक्तदाब आवरायचा, गरज पडली तर रक्त द्यायचं. साधारण निम्म्या मुलांना काही दिवस डायलिसिस लागतं, मग बहुतेकांची किडनी आपण होऊन काम सुरू करते. पुतणी ‘आपोआप बरा होतो’ म्हणते ते हे. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या तिथे देत नाहीत, आणि अँटिबायोटिकही शक्यतो टाळतात, कारण जंतू मरताना जास्त विष सुटण्याची भीती असते.

आपल्याकडे पूर्वी चित्र वेगळं होतं. शिगेला जंतूची रक्ती आव झाली की तिच्या मागोमाग मुलांच्या किडन्या बसत. तिथे अँटिबायोटिक द्यावंच लागतं, हेही लक्षात ठेवा. अमेरिकेतला नियम इथे उचलून आणला तर घात होतो. ती आव आता बरीच कमी झाली आहे. आज पाच-सहा वर्षांच्या पुढचं मूल, जुलाबात रक्त नाही आणि तरी एचयूएस, असं दिसलं की भारतातल्या बालकिडनीतज्ज्ञाच्या मनात पहिल्यांदा येतो तो तुमच्या नातवाचा प्रकार. दिल्लीच्या एम्समध्ये देशभरातून येणारे नमुने वर्षानुवर्षं तपासले जात आहेत. त्यांत जुलाबाच्या जंतूशी संबंध नसलेल्या एचयूएसच्या जवळपास निम्म्या मुलांमध्ये फॅक्टर एचविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. युरोपात हे प्रमाण याच्या जवळपासही नाही. त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांना हा प्रकार माहीत नसणं स्वाभाविक आहे.

आता हा फॅक्टर एच काय आहे ते सांगते. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची एक फळी असते. ती वाड्यावरच्या राखणीच्या कुत्र्यासारखी समजा: चोवीस तास जागी, अनोळखी जंतू दिसला की तुटून पडणारी. फॅक्टर एच ही त्या कुत्र्याची साखळी. घरच्या माणसांवर ते धावून जाऊ नये म्हणून ती लागते. तुमच्या नातवाच्या शरीराने या साखळीविरुद्धच अँटिबॉडी तयार केल्या. साखळी तुटली आणि कॉम्प्लिमेंट स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर धावून गेलं. अशा बहुतेक मुलांमध्ये सीएफएचआर१ नावाचा जनुक आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून गायब असतो. पण हा जनुक नसलेली धडधाकट माणसंही आपल्या आसपास पुष्कळ आहेत. म्हणजे नुसत्या जनुकाने भागत नाही, वर आणखी काहीतरी घडावं लागतं. बऱ्याचदा ते साधं ताप-सर्दीचं किंवा पोटाचं दुखणं असतं.

यातून तुमच्या सुनेच्या रागाचं उत्तर मिळतं. पाणीपुरीतून एखादा पोटाचा जंतू गेला असेल किंवा नसेल. शाळेतल्या शेजारच्या मुलाच्या खोकल्यानेही हेच झालं असतं. त्या दिवशी त्याच गाड्यावर शेकडो मुलांनी पाणीपुरी खाल्ली, त्यांच्या रक्तात या अँटिबॉडी नव्हत्या. रस्त्यावरचं पाणी चांगलं असतं असं मी म्हणत नाही, पण या आजाराचं मूळ तिथे नाही. सूनबाईंना पुण्याच्या डॉक्टरांसमोर बसवून हाच प्रश्न विचारा. घरात कोणी कोणाला कितीही समजावलं तरी पटत नाही. तेच डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की पटतं.

प्लाझ्मा रोज का बदलतात? अँटिबॉडी प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पेशी सोडून उरलेल्या पातळ भागात, तरंगत असतात, म्हणून तो काढून टाकायचा आणि रक्तदात्यांचा निरोगी प्लाझ्मा घालायचा. त्यातून चांगला फॅक्टर एचही मिळतो. नऊ वर्षांच्या, पंचवीसएक किलोच्या मुलाला एका वेळी दीड लिटरच्या पुढे प्लाझ्मा लागतो, म्हणजे रक्तपेढीच्या आठ-नऊ पिशव्या. रोज. पिशव्यांसाठी नातेवाइकांची धावपळ होते आणि दोन-चार दिवसांत कोणीतरी म्हणतंच, ‘आता प्लेटलेट वाढल्या, बास झालं.’ तसं करू नका. प्लेटलेट एक लाखाच्या वर जाऊन टिकल्या, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारा घटक) खाली आलं, लाल पेशी फुटणं थांबलं की मग रोजचं एक दिवसाआड होतं आणि पुढे हळूहळू बंद. मधेच सोडलं तर अँटिबॉडी पुन्हा चढतात आणि किडनीला दुसरा तडाखा बसतो. ओठांना मुंग्या येणं, अंगावर पित्त उठणं हे त्या दरम्यान होऊ शकतं. नातवाला सांगून ठेवा, तसं वाटलं की लगेच सिस्टरना सांगायचं. डायलिसिससाठी आणि प्लाझ्मा बदलण्यासाठी मानेत घातलेल्या नळीला हात लावायचा नाही, आणि थंडी वाजून ताप आला तर तो अंगावर काढायचा नाही.

‘कॅन्सरचं औषध’ म्हणजे बहुधा सायक्लोफॉस्फामाइड. प्लाझ्मा बदलणं म्हणजे तयार झालेला माल बाहेर फेकणं. कारखाना चालूच राहतो. तो बंद करायला स्टिरॉइडबरोबर हे औषध किंवा रिटक्सिमॅब देतात. सायक्लोफॉस्फामाइड महिन्यातून एकदा शिरेतून, साधारण पाच-सहा वेळा. त्यानंतर मायकोफेनोलेट किंवा ॲझाथायोप्रिनच्या गोळ्या, स्टिरॉइडची अगदी कमी मात्रा, आणि हे सगळं दीड-दोन वर्षं. पोराला कॅन्सर झालेला नाही. त्याच औषधाचा हा दुसरा उपयोग आहे आणि एकूण मात्राही कॅन्सरपेक्षा बरीच कमी असते. केस थोडे विरळ होतील, त्या दिवशी मळमळेल, पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून रक्त तपासत राहावं लागेल. पुढे मूलबाळ होईल का, हा प्रश्न आजोबांच्या मनात असेलच. एवढ्या मात्रेत तो धोका कमी असतो, पण डॉक्टरांना उघडपणे विचारा. स्टिरॉइडने तोंड सुजल्यासारखं दिसेल आणि भूक प्रचंड लागेल. मुलगा ‘चांगला झाला’ असं वाटून किंवा शेजारणीने भीती घातली म्हणून ते एकदम बंद करणं हा मला या आजारातला सगळ्यात मोठा धोका वाटतो. आजार उलटण्याची शक्यता पहिल्या एक-दोन वर्षांत जास्त असते, आणि औषध सुटलेल्या मुलांत ती आणखी वाढते.

आता ते इंजेक्शन. एक्युलिझुमॅब. कॉम्प्लिमेंटच्या शेवटच्या टप्प्यालाच ते अडवतं. अमेरिकेत या आजारासाठी त्याला २०११ साली मान्यता मिळाली. औषध खरंच चांगलं आहे. ज्या मुलांत कॉम्प्लिमेंटच्या जनुकातच दोष असतो त्यांचं आयुष्य त्याने बदललं. पण ते साधारण दर पंधरा दिवसांनी घ्यायचं, त्याआधी मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूची लस टोचावी लागते, आणि जगातल्या सर्वांत महागड्या औषधांत त्याची गणना होते. शेत विकूनही काही महिन्यांच्या पुढे जाता येणार नाही. तुमच्या नातवाच्या प्रकारात प्लाझ्मा बदलणं आणि अँटिबॉडी दाबणारी औषधं वेळेत मिळाली तर बहुतेक मुलं चांगली सुधारतात. प्लाझ्मा बदलूनही आजार दादच देत नसता, तर मी वेगळं लिहिलं असतं. सध्या त्या इंजेक्शनसाठी कर्ज काढू नका.

पैशाचा विषय निघालाच आहे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही करता येतो. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला गाठा, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. बिल झाल्यावर जाण्यापेक्षा आजच जा.

तुमच्या पत्रातला आणखी एक भाग इतर वाचकांसाठी थोडा उकलून सांगते, कारण पावसाळ्यात हे पुन्हा घडणार आहे. प्लेटलेट कमी म्हटलं की आपल्याकडे ‘डेंग्यू’ हा शब्द आपोआप बाहेर पडतो. पण त्याच कागदावर हिमोग्लोबिनचा आकडा असतो, तो कोणी बघत नाही. गंभीर डेंग्यूत वाहिन्यांतून पाणी गळून रक्त घट्ट होतं, म्हणून हिमोग्लोबिन चढतं आणि रक्तदाब घसरतो. एचयूएसमध्ये उलटं: हिमोग्लोबिन भराभर उतरतं आणि रक्तदाब चढतो. तुमच्या नातवाला आलेला झटका बहुधा या चढलेल्या रक्तदाबाचाच होता. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात येणाऱ्या लेप्टोच्या तापामध्येही कावीळ, कमी प्लेटलेट आणि किडनी अशी तिन्ही गोष्टींची गाठ पडते. फरक कळतो तो रक्ताच्या स्मीअरवर. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की एचयूएसमध्ये लाल पेशींचे तुकडे दिसतात. ही तपासणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते, फार खर्चाची नाही. मशीनच्या छापील आकड्यांवर न थांबता ती मागून घ्यावी लागते, एवढंच. जोडीला क्रिएटिनीन (किडनीचं काम किती चाललंय ते सांगणारा आकडा) आणि एलडीएच. मूल फिकट, डोळे पिवळे, लघवी लाल किंवा अगदी कमी, तोंड सुजलेलं, यातलं काही दिसलं तर पपईच्या पानात वेळ घालवू नये. आणि नुसता आकडा कमी म्हणून प्लेटलेटच्या पिशव्या चढवण्याचा आग्रह धरू नये. एचयूएसमध्ये रक्तस्राव होत नसेल किंवा नळी वगैरे घालायची नसेल तर त्या शक्यतो टाळतात, कारण गुठळ्यांना आणखी खाद्य मिळतं. अँटिबॉडीसाठीचं रक्त प्लाझ्मा देण्याआधी काढून ठेवायचं असतं, पण रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबवायचे नसतात.

चार डायलिसिस झाले म्हणजे किडनी कायमची गेली, असं नाही. लघवी वाढायला लागली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तोच सगळ्यात चांगला संकेत. क्रिएटिनीन उतरायला कित्येक आठवडे लागतात. पुढची काही वर्षं रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासत राहायचं, मूल अगदी ठणठणीत दिसलं तरी. अँटिबॉडीचा आकडाही मधूनमधून पाहतात, तो चढू लागला तर आजार उलटायच्या आधी सावध होता येतं. घरी आल्यावर ताप आला तर पॅरासिटामॉलच, आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची औषधं नकोत. सर्दी-तापानंतर फिकटपणा, लाल लघवी किंवा सूज दिसली तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. काढे, भस्मं, ‘किडनी साफ करणारी’ पावडर यांतलं काहीही नको. घरात कोणाला कांजिण्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना फोन. ही औषधं चालू असताना गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी त्याला देत नाहीत. न्यूमोकॉकस आणि फ्लूच्या लसीबद्दल मात्र विचारून घ्या.

धाकट्या नातीची काळजी करू नका. हा आजार सर्दीसारखा एकाकडून दुसऱ्याला होत नाही, आणि तुमच्या घरात याआधी कोणाला झाला नसेल तर तिला होण्याची शक्यता फार कमी आहे. ती खेळती-हसती आहे तर तिच्या रक्ताच्या आणि जनुकांच्या तपासण्या करत बसू नका. तिला कधी रक्ताचे जुलाब झाले तर मनाने गोळ्या देऊ नका, डॉक्टरकडे न्या आणि पुढचे दहा-पंधरा दिवस लघवीवर लक्ष ठेवा. पण हे मी कुठल्याही मुलाबद्दल सांगेन.

गणपतीला त्याला आणता येईल का, हे तेव्हा औषधाचा कितवा डोस झालाय आणि पांढऱ्या पेशी किती आहेत यावर ठरेल. डोसनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांनी पेशी सगळ्यात खाली असतात, ते दिवस टाळून डॉक्टर परवानगी देऊ शकतील. आणलंत तर घरच्या गणपतीपुरतं. मंडळाची गर्दी, मिरवणूक नाही. फाइल सोबत, आणि तालुक्याला रक्त तपासून त्याच दिवशी रिपोर्ट देणारी लॅब कोणती ते आधी पाहून ठेवा. मोदक खाऊ दे, एखाददुसरा. स्टिरॉइडवर साखर वाढू शकते म्हणून पाच-सहा नकोत. लोणचं, पापड, फरसाण यांचे डबे मात्र त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.